हैदराबादच्या नावाचे विमानपथक



मागे एकदा वर्गात पहिल्या महायुद्धाचा पाठ चालू होता. जर्मनी, फ्रान्स, खंदक, तोफा असे सारे सांगून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या पाटोद्याकडच्या एका मुलाने विचारले, "सर, या लढाईशी आपल्या बीडचा काय संबंध?" मी ठरावीक उत्तर दिले. हिंदुस्थानचे लाखो शिपाई परदेशी लढले, धान्य महागले, वगैरे. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. आज मी जी हकीकत आपल्याला सांगणार आहे ती म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

आपला बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गादीवर मीर उस्मान अली खान होते. ते १९११ साली गादीवर आले आणि तीनच वर्षांत युरोपात युद्ध पेटले. इंग्रजांना संस्थानिकांकडून माणसे हवी होती, तसाच पैसाही हवा होता. हैदराबादने दोन्ही दिले. त्या पैशातून जे काय उभे राहिले, त्यात बाँब टाकणाऱ्या विमानांचे एक अख्खे पथक होते. इंग्रजांच्या विमानदलात त्याचे नाव '११० क्रमांकाचे हैदराबाद पथक' असे पडले. त्याच्या विमानांवर, ही हैदराबादच्या निजामांची भेट आहे, असा मजकूर रंगवलेला असे. आपल्या मुलखातल्या बहुतेक माणसांनी तोवर विमान डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, घोडदळाची छावणी होती. तेव्हा लष्कर म्हटले की घोडा आणि भाला, एवढेच चित्र लोकांपुढे उभे राही. आणि इकडे आपल्या राज्याचे नाव फ्रान्सच्या आभाळात फिरत होते!

हे पथक १९१७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये उभे राहिले, आणि १९१८ च्या सप्टेंबरच्या आरंभी फ्रान्सच्या लोरेन प्रांतात बेटोंकूर या खेड्यापाशी जाऊन दाखल झाले. त्याला 'डी. एच. ९ अ' जातीची विमाने मिळाली होती. ही विमाने लढाईत प्रथम नेण्याचा मान याच पथकाचा. विमान म्हटल्यावर आजचे चकचकीत धातूचे यंत्र डोळ्यांपुढे आणू नका. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले आणि रोगण देऊन घट्ट केलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, आणि पुढे चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन 'लिबर्टी' इंजिन. बसणारे दोघे. पुढे चालक, मागे निरीक्षक. डोक्यावर छप्पर नाही. चालकाच्या पुढे एक बंदूक, आणि निरीक्षकापाशी चौफेर फिरणाऱ्या कड्यावर बसवलेली दुसरी. पंखांखाली आणि पोटाखाली सुमारे तीनशे किलो वजनाचे बाँब टांगत. आपल्या हिशेबाने ज्वारीची तीन पोती!

त्यांचा दिवस कसा जाई ते पाहू. पहाटे पहिला प्रश्न हवेचा. ढग किती, वारा कुठला, धुके उठेल का? आपला शेतकरी मृगाआधी जसा आभाळाकडे पाहतो, तसे हे लोक रोज पाहत. त्या वर्षीच्या शरदात लोरेनवर पाऊस आणि धुके फार होते. तयार होऊन बसावे आणि दुपारी 'आज जाणे नाही' असा निरोप यावा, असे कितीतरी दिवस गेले. हवा बरी असली की कारागिरांची धावपळ सुरू होई. हे कारागीर रात्र रात्र कंदिलाच्या उजेडात इंजिने दुरुस्त करीत, गोळ्यांनी फाटलेल्या कापडाला ठिगळे लावीत. त्यांची नावे बखरीत येत नाहीत. पण दोरखंड चुकीचा बांधणाऱ्या गड्यामुळे मोट विहिरीत जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यांची किंमत सांगायला नको.

उडणारी माणसे बहुधा वीस-बावीस वर्षांची. आत लोकरीचे कपडे, वरून अस्तर लावलेला जाड अंगरखा, केसाळ चामड्याचे बूट, हातमोजे, आणि थंडीने तोंड फुटू नये म्हणून गालांना चरबी. विमाने पाच हजार मीटरच्या आसपास चढत. तिथे हवा विरळ, श्वास अपुरा, आणि थंडी अशी की बंदुकीतले तेल गोठावे. एवढे करून अंगावर हवाई छत्री नाही! १९१८ साली इंग्रज वैमानिकांना ती दिलीच जात नसे. विमान पेटले तर काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

उड्डाण झाले की लगेच जर्मनीची वाट धरता येत नसे. आधी आपल्याच तळाभोवती घिरट्या घालीत उंची गाठायची, मग सहा-सहांच्या ओळी पाचरीच्या आकारात बांधायच्या. विमानांत बोलायला यंत्र नव्हते. प्रमुख रंगीत दारूचा बार काढून खुणा करी. ओळ मोडू नये हा पहिला नियम, कारण एकमेकांच्या बंदुका हेच संरक्षण होते. कळपाबाहेर पडलेल्या मेंढराचे लांडगा जे करतो, तेच जर्मन विमाने मागे राहिलेल्या विमानाचे करीत.

हे पथक ज्या फौजेत होते तिला 'स्वतंत्र हवाई दल' म्हणत. जनरल ट्रेंचर्ड तिचे मुख्य होते. खंदकांतल्या लढाईत न गुंतता शत्रूच्या मुलखात खोल जायचे, आणि रेल्वेची ठाणी, विमानतळ, कारखाने यांवर बाँब टाकायचे, हे तिचे काम. हैदराबाद पथकाची पहिली मोहीम १४ सप्टेंबर १९१८ रोजी बूले येथील जर्मन विमानतळावर झाली. २५ सप्टेंबरला ते फ्रँकफर्टवर गेले. बीडहून सरळ रेषेत मुंबई जेवढी दूर, त्याहून हे अंतर थोडेच कमी. त्या एका दिवशी चार विमाने परतली नाहीत. २१ ऑक्टोबरला कोलोनच्या रोखाने तेरा विमाने निघाली. वाटेत ढग, खाली मुलूख दिसेना, ओळी फुटल्या, आणि त्यातली सात गेली. युद्ध संपले ११ नोव्हेंबरला. म्हणजे दोन महिनेही पुरते लढाई नाही, आणि एवढ्यात शत्रूच्या मुलखात गमावलेली विमाने सतरा. अपघातांत मोडली ती निराळी.

संध्याकाळी तळावर लोक आभाळाकडे पाहत मोजीत बसत. एक, दोन, तीन... गुरे घरी येण्याच्या वेळी आपणही अशीच मोजतो. रात्रीच्या जेवणाला काही खुर्च्या रिकाम्या राहत, आणि दोन दिवसांत नवी पोरे येऊन त्यांवर बसत. आणि दुसरी बाजूही विसरू नका. त्या काळचा नेम काही अचूक नव्हता. रेल्वेच्या ठाण्यासाठी टाकलेला बाँब शेजारच्या वस्तीत पडे, आणि ज्यांचा या राजकारणाशी काही संबंध नाही अशा बायकापोरांवर मरण कोसळे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. त्याच १९१८ साली दख्खनेत पावसाने दगा दिला, पिके करपली. पाठोपाठ इन्फ्लुएन्झाची साथ आली. आपली जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. एकाला पोचवून यावे तोवर घरात दुसरा गेलेला असे, अशा आठवणी पुष्कळ घरांत सांगितल्या जात. माझ्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी हेच सांगितले होते. मग प्रश्न येतो की विमानांचा पैसा कोणाचा? निजामांची एक थैली सरकारी खजिन्याची, दुसरी त्यांच्या खासगी मुलखाची, जिला सर्फेखास म्हणत. देणगी या थैलीतली की त्या थैलीतली, हा वाद वकिलांचा. दोन्ही थैल्यांत येऊन पडे तो मुख्यतः शेतसारा. तो कुणब्याच्या घामाचा. आणि त्याला विचारायला राज्यात प्रातिनिधिक सरकार नव्हते. युद्ध संपले तेव्हा निजामांना इंग्रज सरकारचे 'विश्वासू दोस्त' ही पदवी मिळाली. सारा भरणाऱ्याला काय मिळाले, ते आपण जाणता. बीड शहरात आगगाडी पोचायला २०२५ साल उजाडावे लागले.

याचा अर्थ निजामी राज्यात सारेच वाईट होते असा मी करीत नाही. त्याच १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली, आणि तिथे शिकून आपल्या भागातली पुष्कळ माणसे पुढे आली. इतिहासाच्या शिक्षकाने तराजूची दोन्ही पारडी दाखवावीत. मात्र वजन चोरू नये.

पथकाची गोष्ट इथे संपत नाही. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडने जर्मनीशी युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, इंग्रजांची 'ब्लेनहाइम' विमाने जर्मनीच्या विल्हेल्म्सहाफेन बंदरातल्या युद्धनौकांवर गेली. इंग्रज विमानदलाचा तो त्या युद्धातला पहिला बाँबहल्ला, आणि त्यात ११० क्रमांकाचे पथक होते. ढग इतके खाली की विमाने जवळजवळ पाण्याला लागून गेली. काही बाँब 'ॲडमिरल शेअर' या नौकेवर आदळले, पण फुटलेच नाहीत! १९४२ साली हे पथक हिंदुस्थानात आले. ज्या देशातल्या राज्याचे नाव ते पंचवीस वर्षे मिरवीत होते, तो देश त्याने आता पाहिला. त्याला 'व्हेन्जन्स' नावाची, घारीसारखी सरळ खाली झेप घेऊन बाँब टाकणारी अमेरिकन विमाने मिळाली, आणि आसाम-ब्रह्मदेशच्या सीमेवर जपान्यांशी गाठ पडली. तिथे थंडीची जागा उकाड्याने, पावसाने आणि हिवतापाने घेतली. गंमत अशी की या विमानांतली काही पश्चिम आफ्रिकेत नेऊन त्यांनी डासांवर औषध फवारण्याचे प्रयोग केले. बाँबचे विमान माणसे वाचवायच्या कामालाही लागू शकते, हे त्यातून दिसले.

पुढे याच पथकाला 'मॉस्किटो' विमाने मिळाली. तीही लाकडाची. आपल्या दमट हवेत सांधे उकलतात म्हणून काही काळ ती थांबवून तपासावी लागली. जपानने १५ ऑगस्ट १९४५ ला शरणागती जाहीर केल्यावरही ब्रह्मदेशात सित्तांग नदीपलीकडे काही जपानी तुकड्या लढत होत्या. २० ऑगस्टला या पथकाच्या विमानांनी तिथे हल्ला केला. म्हणजे इंग्रज विमानदलाच्या त्या युद्धातल्या पहिल्या बाँबफेकीत हे पथक होते, आणि अखेरीच्या बाँबफेकीतही.

एक योगायोग सांगतो. या पथकाची पहिली मोहीम १४ सप्टेंबर १९१८ ची. बरोबर तीस वर्षांनी, १४ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबादवरची पोलीस कारवाई सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला होता. या वेळी आपल्या भागावरून स्वतंत्र भारताची विमाने जात होती. तीन दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामी राजवट संपली.

त्या जुन्या विमानांपैकी एक अजून आहे. ५ ऑक्टोबर १९१८ च्या मोहिमेत कॅप्टन इंग्लिस आणि त्यांचा सोबती बॉडली यांना ते शत्रूच्या मुलखात उतरवावे लागले आणि दोघे कैद झाले. जर्मनांनी विमान बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले. दुसऱ्या युद्धानंतर ते पोलंडमध्ये निघाले. १९७७ साली इंग्लंडने बदल्यात एक 'स्पिटफायर' विमान देऊन ते परत आणले. आज ते लंडनमध्ये हेंडनच्या विमानदल संग्रहालयात उभे आहे, आणि त्याच्या अंगावर हैदराबादचे नाव आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, महायुद्धाचा पाठ शिकवताना मुलांना या विमानाची गोष्ट जरूर सांगा. त्यात बसून गेलेली पोरे सांगा, त्याच्याखाली सापडलेली माणसे सांगा, आणि आपल्याच गावच्या काळ्या रानात उभा असलेला, कानावर काहीच न आलेला, तरी सारा भरणारा तो शेतकरीही सांगा. मग मागच्या बाकावरचा मुलगा "आपला काय संबंध?" असे विचारील, तेव्हा आपल्याला माझ्यासारखे ठरावीक उत्तर द्यावे लागणार नाही.