तूपभेसळ-परीक्षण

शुद्ध तुपात मिसळलेली परकी चरबी वा तेल ओळखण्याची प्रयोगशालेय पद्धती. वनस्पती तुपात (पहा: वनस्पती तूप) तिळाचे तेल घालणे कायद्याने अनिवार्य झाले, ते ही लबाडी उघडकीस यावी म्हणूनच; वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुरालचे थेंब घालून परीक्षानळी दोन मिनिटे हलविली असता तळाशी बसणाऱ्या आम्लाच्या थरास किरमिजी रंग चढतो, तीच बोदुआँ कसोटी. तीळविरहित पामतेल मात्र तिच्यातून निसटते. म्हणून राइशर्ट-माइस्सल अंक (सरकीवर पोसलेल्या गुरांच्या तुपात तो स्वभावतःच कमी) आणि वायुवर्णलेखनाने वनस्पतिज स्टेरॉलांचा शोध (पहा: वर्णलेखन) यांची जोड अगत्याची ठरते. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमान्वये अन्नसुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग मोहोरबंद करतो. विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यावयाचा असतो.