कर्व्यांचा दुसरा वारसा

महर्षी कर्वे आपल्याला पाठ असतात, त्यांचा मुलगा मात्र आपण विसरतो. रघुनाथ कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लैंगिक शंकांना त्यात सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकील कोण? डॉ. आंबेडकर! खटला हरले, दंड झाला, पण मासिक १९५३ ला मरेपर्यंत चालवलं.

मी तालुक्याचा पत्रकार. गुप्तरोगाच्या भोंदू जाहिराती आमच्याकडे बिनबोभाट छापून येतात. लैंगिक शिक्षणावर लेख दिला की उत्तर ठरलेलं : "पेपर घरात पोरं वाचतात हो!"

अहो, म्हणूनच तर लिहायचं ना?