मॅनिफेस्टमधली जुनी पाटी

नेटबीन्सची चौकट घेऊन हिशेबाचा प्रोग्राम लिहा किंवा नकाशांचा. नेहमीच्या मॉड्यूलच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये ‘ओपनआयडीई-मॉड्यूल’ अशी एक ओळ असतेच. हिशेबाचा आयडीईशी, म्हणजे प्रोग्रामरच्या साधनाशी, काय संबंध? संबंध आहे तो इतिहासाचा. १९९६ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी जावासाठी ‘झेल्फी’ नावाचा आयडीई रचायला घेतला (नावात डेल्फी या आधीच्या आयडीईला कोपरखळी आहेच). त्याचाच पुढे नेटबीन्स झाला. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने तो विकत घेतला आणि २००० मध्ये मुक्तस्रोत केला. म्हणजे चौकट आधी आखलेली नव्हती, चालत्या साधनातून ती सोलून काढली गेली. शिकणाऱ्याची दमछाक होते ती बरीचशी इथेच: खिडक्या आणि मेनू लगेच जमतात, पण शेजारच्या मॉड्यूलमधला क्लास, जार फाइल समोर असूनही, मॅनिफेस्टमध्ये अवलंबित्व नोंदवल्याशिवाय सापडत नाही.

चार खिडक्यांच्या प्रोग्रामला एवढा सोपस्कार कशाला, हा आक्षेप रास्त आहे. तिथे जावातलं खिडक्या-बटणांचं साधं स्विंग पुरतं. पण हा सगळा पसारा जुन्या रचनेचं ओझंच, हे काही पटत नाही. प्रतिस्पर्धी एक्लिप्सही आयडीई म्हणूनच वाढला आणि २००४ च्या ३.० आवृत्तीत त्यातूनही सर्वसाधारण चौकट वेगळी निघाली, तीही ओएसजीआय या मॉड्यूल-मानकाच्या तितक्याच कडक नियमांवर. पाटी जुनी राहिली हा योगायोग. नोंदीशिवाय प्रवेश नाही, ही मात्र दोन्ही घरांना भासलेली गरज.