दाढेचा अदृश्य तडा

एखादी दाढ वरून अगदीं निर्दोष दिसते. तींत कीड नसते. तरीही सुपारीचें खांड चावतांना अशी कळ येते कीं, मनुष्याच्या डोळ्यांस पाणी यावें. ह्या चोरट्या दुखण्याचें मूळ पुष्कळदां दाढेस गेलेल्या केसाएवढ्या तड्यांत असतें. तो ओळखण्याची रीत बसण्यास दंतवैद्यकास फार काळ लागला.

राँटजेन यानें १८९५ सालीं क्ष-किरण शोधिले, आणि १८९६ च्या जानेवारींतच जर्मनींतील ऑटो वाल्कहोफ ह्या दंतवैद्यानें स्वतःच्या दांतांचें चित्र त्या किरणांनीं घेतलें. त्याकरितां त्यास २५ मिनिटें निश्चल राहावें लागलें. ह्या किरणांनीं हाडांचे व दंतमूलांचे विकार उघडकीस आणिले. तडा मात्र बहुधा लपूनच राहिला. कारण दाढेंतील तडा सामान्यतः पुढून मागें जातो, व किरण गालाकडून जिभेकडे, म्हणजे त्या पातळ भेगेस आडवे छेदून जातात. त्यामुळें तिची छाया उमटत नाहीं. नेमकी कोणती दाढ दुखते हें रोग्यासही पुष्कळदां सांगतां येत नाहीं, आणि अशा वेळीं शेजारची निरोगी दाढ बळी जाण्याचें भय असतें.

हा गुंता रोग्याच्या तक्रारीकडे बारकाईनें लक्ष दिल्यानें उकलला. १९५४ मध्यें गिब्ज यानें दाढेच्या उंचवट्यास तडा जाऊन होणाऱ्या वेदनेचें वर्णन केलें, व १९६४ मध्यें कॅमेरॉन यानें ह्या लक्षणसमूहास ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हें नांव दिलें. त्याची मोठी खूण अशी कीं, चावतांना, आणि विशेषतः दाब सोडतांच, कळ उठते. म्हणून तज्ज्ञ दाढेच्या एकेका उंचवट्यावर लहानशी काडी ठेवून रोग्यास ती चावावयास व सोडावयास सांगतो. तड्यापाशीं अडणारा प्रखर प्रकाश, भेगेंत शिरणारा निळा रंग आणि सूक्ष्मदर्शक हीं साधनें त्यास साहाय्य करितात. अमेरिकेंत १९६३ मध्यें दंतमूलचिकित्सेस स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली, आणि हें काम मुख्यतः त्या शाखेच्या तज्ज्ञांकडे आलें.

मोडलेलें हाड सांधतें; दांताचा तडा सांधत नाहीं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव घट्ट बसवावी, त्याप्रमाणें दाढेवर टोपण बसवून तिचे भाग बांधून ठेवावे लागतात. तडा आंतील मज्जेपर्यंत पोंचला असल्यास आधीं मुळांची चिकित्सा करावी लागते. मूळच दुभंगलें तर दाढ काढण्यावांचून बहुधा गत्यंतर नसतें. कळ क्षणांत जाते म्हणून तिची उपेक्षा होते, व तेवढ्या अवधींत तडा खोल जातो. यास्तव घरांतील कोणी अशी तक्रार केली, तर दाढ चांगली दिसते एवढ्यावरून ती खोटी मानूं नये.