चावरं शिंगरू आणि माउलींचा अश्व



देवगड तालुक्यातल्या आमच्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीची जत्रा भरते. देऊळ समुद्राला लागूनच आहे. गावोगावचे देव लवाजम्यासह तीर्थस्नानाला येतात आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. मागे एका जत्रेत घाटावरच्या माणसाने पोरांना फिरवायला दोन वर्षांचं शिंगरू आणलं होतं. ढोल वाजले, मागून गर्दी दाटली, शिंगराने कान मागे टाकले आणि एका मुलाच्या दंडाला चावा घेतला. मालकाने दोराने त्याला असं झोडपलं की शेजारची म्हातारी ओरडली, "तेका कित्याक मारतस?" माझा सोबती म्हणाला, "वारीत लाखोंच्या गर्दीतून माउलींचा अश्व धावतो. शेवटी जनावराजनावरात फरक असतो."

मला ते पटलं नाही. आपल्या सोहळ्याचा इतिहास पाहिला तर आपल्यालाही पटणार नाही.

आळंदीहून माउलींची पालखी आज ज्या शिस्तीने निघते, ती हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावून दिली. बाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारातले सरदार. त्यांना साथ मिळाली बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांची. आजही दोन्ही अश्व कृष्णाकाठच्या अंकलीहून सुमारे 300 किलोमीटर चालत आळंदीला येतात. एकावर पताकेचा स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते आणि तिथे माउली बसलेली आहे, हा आपला भाव. भाव आपला खराच, पण तो अश्व सोहळ्यात आला तो पागा जाणणाऱ्या माणसांच्या हातून, हेही विसरू नये.

आणि या मातीत पागेचं ज्ञान मोठं होतं. भीमथडीची तट्टं प्रसिद्ध होती ती ज्या भीमेच्या काठची, तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. तरण्या घोड्याला चाबूकस्वार लांब बागदोरीवर धरून गोल फिरवी. त्याला म्हणत कावा. गनिमी काव्यामुळे आपण या शब्दाचा अर्थ डावपेच एवढाच धरतो. घोडेस्वाराच्या बोलीत मात्र कावा म्हणजे घोड्याचं वर्तुळ. रिंगण पाहताना मला नेहमी तो कावाच आठवतो. दोन्हींचा संबंध कागदोपत्री दाखवता येणार नाही, पण सोहळा लावून देणारा माणूस फौजेतला होता, एवढं मनात राहतंच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र अध्याय आहे. घोडा कामाला येतो तो चार-पाच वर्षांचा झाल्यावर, असं तिथे म्हटलं आहे. आणि तीक्ष्ण, भद्र, मंद असा स्वभाव पाहून काम ठरवावं, असंही. आमच्या किनाऱ्यावर दोन वर्षांच्या पोराच्या पाठीवर पोरं बसवली होती. ग्रीकांचा क्झेनोफोन तर तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून गेला की रागाच्या भरात घोड्याशी वागू नये.

शिंगरू चावायला शिकतं तरी कसं? खेळता खेळता. कळपात असलं की घोडी आणि इतर शिंगरं त्याला जागच्या जागी दाबतात. आईवेगळं, माणसांनी हातावर वाढवलेलं शिंगरू हा धडा शिकतच नाही. माणूस त्याला आपल्याच बरोबरीचा वाटतो. वर आपण कौतुकाने हातावर गूळ देतो, नाक चोळतो. ते हात चाचपू लागतं, मग दात लावतं, आणि आपण हसतो. मोठं झाल्यावर त्याच दातांसाठी चाबूक काढतो. त्यात चंदी भरपूर आणि काम काहीच नाही, असं असलं तर विचारूच नका. अडीच ते साडेचार-पाच वर्षांपर्यंत त्याचे दुधाचे दात पडत असतात. त्या काळात लगाम टोचूनही घोडा चिडतो. म्हणून आधी तोंड पाहायचं, मग दोष द्यायचा.

उपाय कंटाळवाणा आहे. खाऊ हातावर द्यायचा नाही, तोबऱ्यात द्यायचा. अंगावर आलं की त्याच क्षणी ठामपणे एक पाऊल मागे सरकवायचं आणि ते सरकलं की लगेच दाब सोडायचा. दोन मिनिटांनी मारलेला फटका कशासाठी होता, ते त्याला कळत नाही. त्याला फक्त माणसाचं भय बसतं. एका मोतद्दाराने रोज हेच करायचं. घरातल्या चौघांनी चार तऱ्हेने वागायचं नाही. नर फारच माजला तर पशुवैद्याकडून खच्ची करून घ्यावा.

आणि वाचकहो, आपणही वारीत थोडं सांभाळायला हवं. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला आपण धावतो, पुष्कळदा त्याच्या मागून. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही. चाहूल लागली की आधी लाथ जाते, मग ओळख पटते. अश्व पुढे गेल्यावर माती उचलली तरी ती तीच असते.

कुणकेश्वरच्या त्या माणसाशी मी संध्याकाळी बोललो. तो वाईट नव्हता. शिंगराची आई गेल्यावर त्याने त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. "माझ्याच हातचं आहे हो, म्हणून जास्त राग आला," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने पोरं बसवली नाहीत. ओहोटीला गर्दीपासून दूर, ओल्या वाळूवर लांब दोर धरून तो मध्ये उभा होता आणि शिंगरू त्याच्याभोवती गोल फिरत होतं. चार-पाच फेऱ्या झाल्यावर त्याचा आतला कान मालकाकडे वळला.