सॉफ्टवेअरचा वर्गणी परवाना आणि परदेश प्रवास

सॉफ्टवेअरचा वर्गणी परवाना म्हणजे संगणकाची आज्ञावली कायमची विकत न घेता मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरून ठरावीक मुदतीपुरती वापरण्याची परवानगी होय. कर्मचारी कार्यालयाचा लॅपटॉप घेऊन परदेशी जातो, तेव्हा ही परवानगी त्याच्यासोबत कितपत जाते, हा प्रश्न आस्थापनांपुढे उभा राहतो. उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते: परवान्याच्या कराराचा मजकूर, सक्रियणाची तांत्रिक पद्धत आणि संबंधित देशांचे कायदे.

== स्वरूप ==
पूर्वी आज्ञावली तबकडीवर मिळे व एकदा पैसे मोजले की ती कायम वापरता येई. मराठी अक्षरजुळणीच्या व्यवसायात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' संगणकाला जोडायच्या 'लॉक'सह येत असे. ते लॉक असेल तेथे परवाना, इतका हा व्यवहार सरळ होता. लॉक घरी विसरले तर काम बंद. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ऑफिस ३६५ आणले आणि अडोबीने २०१३ मध्ये आपल्या प्रमुख आज्ञावल्या पुढे केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. त्यानंतर परवाना वस्तूला न जोडता व्यक्तीच्या खात्याला जोडला जाऊ लागला. खात्याची पडताळणी दूरच्या सर्व्हरवर होत असल्याने वापरकर्ता कोणत्या देशात आहे, हे पुरवठादारास कळते.

== प्रवासातील अडचणी ==
सर्वांत नेहमीची अडचण इंटरनेट नसण्याची आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या आज्ञावल्यांना ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटशी जोडणी लागते. अन्यथा दस्तऐवज वाचता येतो, पण त्यात बदल करता येत नाही. मोठ्या कार्यालयांत विंडोजचे समूह-सक्रियण कार्यालयातील सर्व्हरवरून होते. त्याची मुदत १८० दिवस असून संगणक दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतो. सहा महिन्यांहून अधिक काळ परदेशातील प्रकल्पावर असलेला लॅपटॉप कार्यालयाच्या जाळ्याशी एकदाही जोडला गेला नाही, तर सक्रियण संपते.

अभियांत्रिकीच्या महागड्या आज्ञावल्यांत 'तरंगता परवाना' असतो. कार्यालयात समजा दहा परवाने असतील, तर एका वेळी कोणीही दहा जण ती आज्ञावली वापरू शकतात. प्रवासाला निघणाऱ्याला त्यातील एक परवाना, ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसा, ठरावीक तारखेपर्यंत उसना नेता येतो. मात्र लॅपटॉप परदेशात हरवला, तर ती तारीख उलटेपर्यंत तो परवाना सहसा परत मिळत नाही. म्हणून उसनवारीची मुदत प्रवासापेक्षा फार लांब ठेवणे तोट्याचे ठरते, आणि नेमकी मुदत ठेवली तर परतीचे विमान चुकल्यावर काम अडते.

दुसरी अडचण ओळख पटवण्याची. भारतीय सिमकार्डवर येणारा संकेतांक परदेशात रोमिंगअभावी मिळत नाही. सकाळी मुंबईतून आणि दुपारी जर्मनीतून एकच खाते उघडले गेले, तर सुरक्षा यंत्रणा त्यास 'अशक्य प्रवास' मानून खाते रोखू शकते. मोबाइलमधील संकेतांक-निर्मितीचे अ‍ॅप नेटवर्कशिवाय चालते. पण ते निघण्यापूर्वीच जोडून घ्यावे लागते.

== भौगोलिक बंधने व निर्बंध ==
काही करारांत परवाना खरेदीच्या देशापुरता वा विभागापुरता मर्यादित असतो आणि प्रवासकाळातील तात्पुरत्या वापरासाठी वेगळे कलम असते. ते कलम आहे की नाही, हे करार वाचल्याखेरीज समजत नाही. आणि करार वाचण्याची प्रथा फारशी नाही.

देशांमधील निर्बंधांचा फटका अधिक कठोर असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी आदेशाचा आधार घेऊन अडोबीने व्हेनेझुएलातील खाती बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात अमेरिकी शासनाची अनुमती मिळाल्याने तो निर्णय मागे घेण्यात आला. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा रोखल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. या प्रकरणात वर्गणी भरलेली होती व कर्मचारी भारतातच होते, हे लक्षणीय आहे.

== भारतीय कायदा ==
संगणकाची आज्ञावली ही प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संरक्षित कृती आहे. अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास कलम ६३ख खाली किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आज्ञावली ही वस्तू की सेवा, हा वाद दीर्घकाळ चालला. तबकडीवरील तयार आज्ञावली ही 'वस्तू' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात २००४ मध्ये ठरवले. पुण्याच्या क्विक हीलच्या विषाणूरोधक आज्ञावलीबाबत २०२२ मध्ये सेवाकराची मागणी फेटाळताना न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. लॅपटॉपमधील विशिष्ट संकेतलेखन तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यास विदेश व्यापार अधिनियम, १९९२ खालील नियंत्रित वस्तूंची यादी लागू होऊ शकते.

== वऱ्हाडातील संदर्भ ==
अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६४) व बडनेऱ्याचे राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८३) येथून शिकलेले अनेक तरुण पुण्यात किंवा नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी करतात व तेथून परदेशी प्रकल्पांवर जातात. त्यांच्यामागे परवान्यांची व्यवस्था पाहणारा स्वतंत्र विभाग असतो. अमरावती-अकोल्यातील लेखापाल, वास्तुरचनाकार किंवा निर्यातदारांच्या लहान कार्यालयांत असा विभाग नसतो. तेथे सर्व परवाने बहुधा मालकाच्या एकाच ई-मेल व मोबाइल क्रमांकावर नोंदलेले असतात. मालक परदेशी गेला की संकेतांकही त्याच्याबरोबर जातो आणि अडचण प्रवाशाऐवजी मागे राहिलेल्यांना येते. अशा वेळी दुसरा प्रशासक नेमून ठेवणे हा साधा उपाय आहे. बहुतेक वर्गणी योजनांत त्यासाठी वेगळे शुल्क पडत नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या (१९६९) संस्थांतील संशोधकांना शैक्षणिक परवान्यांचा विचार करावा लागतो. हे परवाने स्वस्त असले, तरी सहसा अध्यापन व संशोधनापुरते मर्यादित असतात. परदेशातील सशुल्क सल्लाकामासाठी ते चालत नाहीत. लिबरऑफिस, क्यूजीआयएस व सांख्यिकीसाठीची 'आर' या मुक्त आज्ञावल्यांना सक्रियण वा नूतनीकरण लागत नाही.

एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईस विमानसेवा सुरू झाली. तरी परदेशी जाणारे अनेक जण बडनेरा किंवा अकोल्याहून रेल्वेनेच मुंबई गाठतात. परवाना उसना घेणे, खाते एकदा उघडून पाहणे आणि अद्यतने उतरवून घेणे ही कामे गाडीत बसण्यापूर्वी कार्यालयातच उरकणे सोयीचे असते, कारण उसनवारीसाठी लॅपटॉप कार्यालयाच्या जाळ्यात असावा लागतो.