ही वस्तू कुणासाठी?



तुमच्या शाळेच्या ओसरीवर पाण्याचा माठ असेल, आणि माठातून पाणी काढायला ओगराळे असेल. जरा आठवून पाहा. पहिलीतल्या पोराने ते माठात घातले तर तळाच्या पाण्यापर्यंत पोचते का? पाणी काढताना त्याची बोटे बुडतात का? पेल्यात ओतताना निम्मे पाणी खाली सांडते का? असे होत असेल, तर ते ओगराळे कुणीतरी घडवले खरे; पण कुणासाठी, हे विचारायचे राहून गेले.

मुलांनी शाळेत स्वतः विचार करून, स्वतःच्या हातांनी उपयोगाची वस्तू करावी, हा विचार आज नवा म्हणून सांगितला जातो. पण तो दीडशे वर्षांहून जुना आहे. तो कसा आला, कुठे अडला आणि आपल्या महाराष्ट्राचा त्यात वाटा काय, याची हकिगत आज ऐका. शेवटी आपण या ओगराळ्याकडेच परत येऊ.

युरोपच्या उत्तरेला फिनलंड आणि स्वीडन हे देश आहेत. तिथला हिवाळा लांब आणि कडक. शेतकामे बंद पडली की शेतकरी घरात बसून लाकडाचे चमचे, दांडे, अवजारे करायचा. बापाचे पाहून मुलगा शिकायचा. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचा माल बाजारात आला आणि घरचे हे कसब विझू लागले. तेव्हा फिनलंडमधल्या यूनो सिग्नेयस नावाच्या धर्मोपदेशकाने आग्रह धरला की, घरात जे शिकवले जात नाही ते शाळेने शिकवावे. ते पोटासाठी नव्हे, तर मुलाचा डोळा आणि हात तयार व्हावा म्हणून. 1866 साली तिथल्या शाळांच्या कायद्यात हस्तकामाला सक्तीचे स्थान मिळाले.

पुढचे पाऊल स्वीडनमध्ये पडले. गॉथेनबर्ग शहराजवळ नेस नावाची एक जमीनदारी होती. तिचे मालक ऑगस्ट अब्राहमसन हे व्यापारी. त्यांचा भाचा ऑटो सॅलोमन याने 1870 नंतरच्या दशकात तिथे शिक्षकांसाठी हस्तकामाचे वर्ग सुरू केले. या शिक्षणाला ‘स्लॉइड’ म्हणत. देशोदेशीचे शिक्षक तिथे येऊन हातात चाकू आणि रंधा धरू लागले.

सॅलोमनचे नियम आजही ऐकण्यासारखे आहेत. वस्तू घरात वापरता येईल अशीच असावी. निव्वळ शोभेची नको. सोप्याकडून अवघडाकडे जावे: आधी फुलझाडाला आधार द्यायची काठी, मग पुढे चमचा, कुऱ्हाडीचा वळणदार दांडा. शिकवणारा नुसता सुतार नसावा, शिक्षक असावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, गुरुजींनी मुलाच्या कामाला हात लावायचा नाही! दांडा वाकडा झाला तर तो का वाकडा झाला, हे मुलालाच शोधू द्यायचे. चमच्यापेक्षा चमचा करणारा मोलाचा, असे त्याचे म्हणणे.

पण एक उणीव राहिली. नेसमध्ये नमुने ठरलेले होते. मुलाने समोरचा नमुना पाहायचा आणि हुबेहूब तसा करायचा. हात तयार होई, नजर तयार होई. पण वस्तू अशीच का असावी, हा प्रश्न नमुना ठरवणाऱ्यानेच आधी सोडवून ठेवलेला असे.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडची अडचण याहून खोल होती. आपल्याकडे कसब विझलेले नव्हते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार गावोगाव होते. पण ज्याच्या हातात पटाशी त्याच्या हातात पाटी नाही, आणि ज्याच्या हातात पाटी त्याला पटाशी धरायची लाज! विद्या एका आळीत आणि कसब दुसऱ्या आळीत. या दोन आळ्यांमध्ये जातीची भिंत होती.

गांधीजींनी ही भिंत ओळखली होती. 1910 साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ त्यांनी टॉलस्टॉय फार्म वसवले. तिथे मुले चपला शिवायला आणि सुतारकाम करायला शिकत. चपला शिवण्याची विद्या त्यांचे मित्र कॅलनबाख आधी स्वतः शिकून आले होते. जे काम शिक्षक स्वतः करत नाही ते मुलांना सांगायचे नाही, असा तिथला दंडक होता.

हाच धागा 1937 साली वर्ध्याला आला. 22 आणि 23 ऑक्टोबरला तिथे शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात समितीचा अहवाल आला. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, एका हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. शाळेच्या साडेपाच तासांतले 3 तास 20 मिनिटे उद्योगाला! हीच आपली नई तालीम, मूलोद्योग शिक्षण. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने तिथली शाळा जिवापाड वाढवली.

कल्पना अशी की, सूत कातताना मुलाने गणित शिकावे, कापूस कुठून आला हे शोधताना भूगोल शिकावा, आणि कापड कुणी विणले हे विचारताना इतिहास. मग ती सर्वत्र का रुजली नाही? कारणे पुष्कळ आहेत. साधने अपुरी, शिक्षक अपुरे तयार. आणि अनेक पालकांना वाटे, आमच्या पोराला पुन्हा हातकामालाच जुंपता काय? ज्यांच्या पिढ्या या कामातच गेल्या, त्यांचा हा प्रश्न खोटा म्हणता येणार नाही. पण एक कारण समितीने अहवालातच सांगून ठेवले होते: उत्पन्नाकडे फार लक्ष गेले तर शिक्षण बाजूला पडेल. तसेच झाले. पुष्कळ ठिकाणी टकळी फिरत राहिली, सुताच्या लडी मोजल्या गेल्या, पण हे सूत कुणासाठी आणि असेच का, हे विचारायला कुणाला सवड राहिली नाही. नेसमध्ये नमुना प्रश्नाच्या आड आला, तर इथे वजनकाटा आड आला.

यानंतर 1958 साली एक मौजेची गोष्ट घडली. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य आपल्या देशात आले. दोघेही वस्तुरचनाकार; खुर्च्यांसाठी जगभर नाव मिळवलेले. तीन महिने हिंडून त्यांनी एक छोटासा अहवाल लिहिला. त्यांना सर्वांत काय आवडले असेल? आपला लोटा! लोट्याचा आकार ठरवायचा तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी यादीच दिली. पाणी किती मावावे? धरणारा हात बाईचा की मुलाचा? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना तोल कसा राहील? ओतताना धार कशी पडेल? घासायला सोपा आहे का? किंमत काय? लोटा कुणा एका माणसाने रचला नाही, असंख्य पिढ्यांनी वापरून वापरून त्याला घडवले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. या अहवालानंतर 1961 साली अहमदाबादला वस्तुरचना शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली.

म्हणजे पाहा, जो प्रश्न नेसमध्ये आणि टकळीच्या वर्गात राहून गेला, तो आपल्या रांजणाशेजारच्या लोट्यात होता!

हे दोन्ही धागे एकत्र आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथे 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून ते या कोरडवाहू गावात आले. ज्या मुलांची शाळा सुटली, त्यांना घेऊन त्यांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, आहार आणि आरोग्य शिकवायला सुरुवात केली. पुढे गावोगावच्या माध्यमिक शाळांतही हा अभ्यासक्रम गेला. त्यातली खूबी ही की, मुलांचे काम नुसते वर्गात ठेवायचे नाही; ते गावाच्या कामी आले पाहिजे. समोर खरे गिऱ्हाईक उभे राहिले की प्रश्न आपोआप उठतात. दार नीट लागले नाही तर घरमालक बोलणारच, आणि ते बोलणे हीच परीक्षा.

शिक्षक मंडळी, आपल्या शाळांत ‘कार्यानुभव’ हा विषय तुमच्या परिचयाचा आहे. बाजारातून आणलेले कागदी फूल, किंवा आईबापांनी रात्र जागून केलेली प्रतिकृती, आणि वहीत शेरा. हा कार्यानुभव मुलाचा नव्हे, घरच्यांचा! यात नेसचा हात नाही, वर्ध्याचा उपयोग नाही, आणि लोट्याचा प्रश्नही नाही.

तर आता आपल्या ओगराळ्याकडे येऊ. पाचवी-सहावीच्या मुलांना सांगा: पहिलीतल्या मुलांसाठी नवे ओगराळे करायचे आहे. पहिल्या दिवशी काहीच करू नका. फक्त माठाजवळ बसा आणि बघा. लहान मुलांचे हात मोजा, माठाची खोली मोजा, पाणी कुठे सांडते ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी चित्रे काढा. एक नव्हे, चार. मग करवंटी घ्या, बांबूची काठी घ्या, गावच्या सुतारदादांना मानाने वर्गात बोलवा आणि त्यांना गुरू करा. वस्तू झाली की ती आठ दिवस माठावर ठेवा. पहिलीतली पोरे काय म्हणतात ते ऐका. दांडा निसटत असेल तर पुन्हा करा. आणि गुरुजी, तुमचा हात मात्र खिशातच राहू द्या!

पहिले ओगराळे गळेल. हरकत नाही. ते का गळले हे मुलाने स्वतः शोधले, तर त्या दिवशी त्या वर्गात पाटी आणि पटाशी एका हातात आलेली असतील.